जुन्या दुरुस्त्या उकलून उभी केलेली एफसी-१५० पिकअप : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप इंदूरमध्ये पूर्ण उघडून पुन्हा बांधली, त्यानंतर ती हिवाळ्यात, कडक उन्हाळ्यात आणि अखंड पावसाळ्यात नियमितपणे चालवली. आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. पहिला निष्कर्ष असा की या गाडीचे जे नुकसान झाले होते, त्यात गंजाचा वाटा कमी आणि गंज झाकण्यासाठी वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्यांचा वाटा जास्त होता. त्यामुळे नवे भाग जोडण्यापेक्षा जुने काम उकलण्यातच अधिक महिने गेले. अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी किमतीचा अंदाज बांधताना ही गोष्ट आधी हिशेबात धरावी.

जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीची ही रचना मूळ अमेरिकेची. १९५६ च्या अखेरीस ती तिकडे बाजारात आली, तिचे रेखांकन ब्रूक्स स्टीव्हन्स यांचे, आणि १९६० च्या दशकात महिंद्राने ती भारतात आणली. केबिन थेट पुढच्या चाकांवर असल्यामुळे लांबी कमी असूनही मागे माल ठेवायला भरपूर जागा मिळते. इंजिन मात्र चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध, एका झाकणाखाली येते. आमच्या गाडीत २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे मूळ ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन शाबूत होते. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. अनेक जुन्या जीपगाड्यांमध्ये पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. आमची गाडी त्यातून वाचली, हे तिचे मोठे भाग्य.

पत्र्याचे काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण केबिनवर लोहचुंबक फिरवला. दारांच्या खालच्या भागात आणि पुढच्या चाकांच्या कमानींवर तो चिकटेना, कारण तिथे बोटभर जाडीची पुट्टी होती. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती गंजलेल्या उघड्या पत्र्यावर कधीही लावू नये, कारण ती ओल शोषून घेते आणि ती ओल धातूलगतच साठून राहते. पुट्टीखाली पत्र्याची ठिगळे होती, जुना पत्रा न कापता वरून ठेवून गॅस वेल्डिंगने चिकटवलेली. अशा दुहेरी पत्र्यात पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही आणि दोन्ही पत्रे आतून खाल्ले जातात. त्यातच कुणीतरी दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके सीलंटने बुजवली होती, म्हणजे काचेच्या कडेने उतरणारे पाणी दारातच मुरत होते.

हे सर्व कापून काढले. लोहामंडीतून आणलेला अठरा गेजचा पत्रा जागेच्या मापाने वळवला आणि कडेला कड भिडवून मिग वेल्डिंगने (तार आपोआप पुढे सरकवत केलेल्या विजेच्या वेल्डिंगने) जोडला. सलग वेल्डिंग केले तर तापून पत्रा वाकतो, म्हणून दूर दूर टाके घालत आणि मध्ये थंड होऊ देत हे काम करावे लागते. एकेका दाराला किती वेळ लागतो हे पाहिल्याशिवाय मिस्त्रींची मजुरी जास्त आहे असे कुणी म्हणू नये. उघड्या धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती पातळ पुट्टी आणि मग रंग, असा क्रम ठेवला. बंद पोकळ्यांत मेण फवारले आणि पाण्याची भोके पुन्हा मोकळी केली. माळव्यातला पावसाळा आणि चाकांना चिकटणारी काळी माती यांत या जागा पूर्ण टिकल्या. कुठेही फोड आला नाही.

प्रवाशाच्या बाजूच्या पायरीखालचे एक जुने ठिगळ खर्चाच्या मर्यादेमुळे तसेच ठेवून त्यावर हाच प्रायमर आणि हाच रंग दिला होता. श्रावण सरण्याआधीच तिथे रंग फुगला. माल तोच, कारागीर तोच, पाऊसही तोच; फरक फक्त खालच्या जुन्या जोडाचा. महागड्या रंगाने वाईट जोड सुधारत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे मिळाला नसता. मात्र प्रत्येक जुनी दुरुस्ती वाईट असते असेही नाही. मागच्या फळीच्या बिजागरीला कुणा जुन्या कारागिराने पितळेचा झाळ दिला आहे आणि हौद्याच्या कोपऱ्यात रिव्हेट मारून पट्टी बसवली आहे. दोन्ही कामे इतकी नेटकी आहेत की ती आम्ही आदराने जपली, आणि भरलेल्या गाडीतही ती हललेली नाहीत.

सर्वांत धोकादायक दुरुस्ती चासीवर होती. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला टांगला जातो तिथे, तडा गेला होता, म्हणून तिथे जाड चौकोनी प्लेट चारही बाजूंनी वेल्ड केली होती. प्लेट जिथे संपते तिथे चासीला आडवी जाणारी वेल्डिंगची सरळ रेघ असली, तर सगळा ताण त्याच रेघेवर येतो, आणि नवा तडा नेमका तिथूनच निघाला होता. प्लेट काढून तडा साफ केला, त्याच्या टोकाला छिद्र पाडून त्याची वाढ थांबवली, मग तो भरला. नवी प्लेट दोन्ही टोकांना निमुळती कापली आणि तिचे वेल्डिंग चासीच्या वरच्या-खालच्या कडांपर्यंत नेले नाही. त्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करून ओळंबे सोडले आणि कर्ण मोजून चासी पिळलेली नाही याची खात्री केली. हे मोजमाप न करता केबिनचे काम हाती घेतले, तर दारे कधीच नीट बसत नाहीत.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळत होता, म्हणून त्याची नळी चेपून बंद केली होती आणि गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर धावत होती. चारही चाकांना ड्रम आणि सर्वांसाठी एकच हायड्रॉलिक मार्ग, अशी ही जुनी रचना असल्याने एक जोड निकामी झाला तरी संपूर्ण ब्रेक जाऊ शकतो. रबरी कप फुगले होते, त्यावरून आत कधीतरी साधे खनिज तेल ओतले गेले असावे. आम्ही सर्व नळ्या, सिलिंडर आणि होज नवे घातले. आता गाडी सरळ रेषेत थांबते. तरी सिमरोलच्या घाटात उतरताना ड्रम तापतात आणि पेडलचा जोर कमी होतो. तिथे दुसऱ्या गिअरमध्येच उतरावे.

रेडिएटरमधून निघालेल्या पिवळट गाळाने सर्वांना थक्क केले. गळती थांबवण्यासाठी त्यात वारंवार हळद टाकली गेली होती, आणि तिने गळतीबरोबर अर्ध्या नळ्याही बुजवल्या होत्या. इंजिन तापते म्हणून पुढे थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकला होता. त्याने हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि तेलात चिखल साठतो. रेडिएटरचा नवा कोअर (नळ्यांचा गाभा) आणि थर्मोस्टॅट बसवल्यानंतर मे महिन्यात पारा बेचाळिसावर असतानाही तापमानाचा काटा मध्यावर राहिला. केबिनमधला उकाडा मात्र इंजिनाच्या जागेमुळे कायमचा आहे. झाकणाखाली पूर्वी तेलाने माखलेले तरट चिकटवले होते. आगीला आमंत्रणच ते. त्याजागी उष्णतारोधक फेल्ट लावल्यावर पाय भाजत नाहीत, एवढाच फरक पडला.

वायरिंगमध्ये घरगुती वापराची एकेरी तांब्याची तार सापडली. ती गाडीच्या कंपनांनी तुटते, म्हणून बहुतारी वायर, फ्यूज आणि इंजिनापासून चासीपर्यंत जाड अर्थिंग पट्टी घातली. केवळ अर्थिंग सुधारल्यानेच हेडलाइटचा उजेड लक्षणीय वाढला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, जुने रबर त्याने लवकर खराब होते. म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतला, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तेव्हा टाकी भरून ठेवतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी घेता येते, पण त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला ती चालवायची असल्याने सध्या जुनीच नोंदणी चालू ठेवली आहे. इंजिन, चासी आणि केबिन मूळचे असल्यामुळे विंटेज नोंदणीचा मार्ग पुढेही खुला राहतो. पुढच्या उन्हाळ्यात पायरीखालचे ते ठिगळ कापून काढायचे आहे, आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगला येणारा सैलपणा किंगपिनच्या (पुढचे चाक वळते त्या खुंटीच्या) बेअरिंगमुळे आहे की स्टिअरिंगच्या जोडदांड्यांमुळे, हेही त्याच वेळी उघडून पाहायचे आहे.