दुधातल्या केसीन कणांच्या आकाराची मोजणी: हिंगणा एमआयडीसीतल्या लॅबची डीएलएस सेवा

केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) म्हणजे द्रवात हलणाऱ्या कणांवरून विखुरणाऱ्या लेझरच्या प्रकाशातल्या चढउतारावरून त्यांचा आकार काढणं. लॅबच्या यंत्राबद्दल तक्रार नाही. 633 नॅनोमीटरचा लेझर, 173 अंशांत मागे परतणारा प्रकाश टिपणारा डिटेक्टर. दुधासारख्या गढूळ नमुन्याला हीच रचना लागते. कमी पडते ती नमुन्याची तयारी.

काही न सांगता दूध दिलं तर इथे ते तसंच डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून लावतात. यात दोन घोटाळे होतात. केसीनचे बहुतेक कण 50 ते 500 नॅनोमीटरचे, तर फॅटचे थेंब कित्येक मायक्रॉनचे. कण मोठा झाला की विखुरलेला प्रकाश प्रचंड वाढतो, त्यामुळे थोडं फॅटही केसीनचा आलेख झाकून टाकतं. दुसरं म्हणजे नुसत्या पाण्यात कणांना बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट विरघळू लागतं आणि कण सुटे होत जातात.

म्हणून सूचना लेखी द्या: 3000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 3000 पट जोराने) 20 मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, सायीच्या थराखालून सिरिंजने दूध ओढणं, आणि पातळ करायला 20 मिलिमोलर इमिडाझोल, 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, 50 मिलिमोलर मीठ, पीएच 7 चं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), 0.22 मायक्रॉनमधून गाळलेलं. सांगितलं की हे सगळं नीट करतात, हे मान्य करायलाच हवं.

पिशवीचं होमोजिनाइज्ड दूध मात्र नेऊ नका. त्यातले फॅटचे थेंब मायक्रॉनपेक्षा लहान, वर केसीन चिकटलेलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते पुरते निघत नाहीत. शंका असेल तर थोड्या नमुन्यात ईडीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन घालायला सांगा. केसीनचे कण फुटतात. आलेखात उरलेलं शिखर फॅटचं.

मे महिन्यात नागपुरातून नमुना नेताना बर्फाची पेटी हवीच, पण दूध गोठता कामा नये. फॉर्मेलिन नको, त्याने प्रथिनं एकमेकांना जखडतात, 0.02 टक्के सोडियम अझाइड चालतं. थंडीत बीटा-केसीन हा केसीनचा एक प्रकार कणाबाहेर येतो, तेव्हा मोजणीआधी दूध 25 अंशांवर अर्धा तास ठेवायला सांगा. क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी कुपी) 20 अंशांवर असताना सॉफ्टवेअरने 25 धरलं, तर आकार सुमारे 14 टक्के जास्त येतो.

रिपोर्टमध्ये फक्त संख्येनुसार (कोणत्या आकाराचे किती कण) आलेख देतात, त्यात मोठे कण दिसतच नाहीत. झेड-ॲव्हरेज (सरासरी आकार), पीडीआय (आकार किती विखुरलेले आहेत याचा आकडा), इंटेन्सिटीचा म्हणजे विखुरलेल्या प्रकाशानुसार आलेख आणि कोरिलेशन कर्व्ह (ज्यावरून आकार काढला तो मूळ वक्र) मागून घ्या. मागितल्यावर मूळ फाइल त्याच दिवशी ईमेलने येते.