झोतभट्टीच्या अंतर्भागाचे मॉडेल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीच्या नियंत्रण कक्षात हे संगणकीय मॉडेल सुरू होऊन आठ महिने झाले. माथ्यावरील वायूचे विश्लेषण, गरम हवेच्या झोताचे प्रमाण व तापमान, कोळशाच्या भुकटीचा दर आणि भिंतीतील थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) एवढ्या सामग्रीवरून ते भट्टीच्या आतील स्थितीचा हिशेब मांडते. ट्यूयरसमोर, म्हणजे झोत आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी, ज्वालेचे तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर असते. तिथे संवेदक कायमचा टिकत नाही, म्हणून हिशेबावर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत उपयोगी ठरला तो उष्णतेचा कल. कोळशाचा दर बदलल्यावर त्याचा परिणाम द्रव लोखंडातील सिलिकॉनवर (भट्टीच्या उष्णतेची ही खूण) पूर्णपणे उमटायला काही तास जातात, त्यामुळे केवळ कास्टच्या, म्हणजे भट्टीतून बाहेर काढलेल्या लोखंडाच्या, नमुन्यावर विसंबून केलेली दुरुस्ती म्हणजे बहुधा वरातीमागून घोडे. आता निर्णय आधी घेता येतो.

तिसऱ्या महिन्यातील एका रात्रपाळीत मात्र याच कलाने आम्हाला फसवले. पडद्यावर उष्णता चढताना दिसली, आम्ही कोळसा कमी केला आणि पुढच्या कास्टला लोखंड थंड निघाले. शोध घेता माथ्यावरील वायूचा नमुना ओढणाऱ्या पंपाअलीकडचा एक जोड सैल होऊन बाहेरची हवा आत शिरत असल्याचे आढळले. मॉडेल झोतातून आलेल्या नायट्रोजनवरून वायूचे प्रमाण काढते; नमुन्यात नायट्रोजनचा वाटा वाढलेला दिसल्यामुळे त्याने माथ्यावरील वायूचे एकूण प्रमाण कमी धरले, त्यातून कार्बनचा हिशेब घटला, आणि उष्णता खाणारी प्रत्यक्ष क्षपणाची (कार्बनने थेट खनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याची) क्रिया मंदावली असा उलटा निष्कर्ष निघाला. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड सारख्याच प्रमाणात विरळ झाल्याने त्यांचे गुणोत्तर जागचे हलले नाही, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. आमच्या विश्लेषकात ऑक्सिजन मोजण्याची सोय नव्हती. ती असती तर गळती लगेच उघडी पडली असती.

चुलीच्या, म्हणजे द्रव लोखंड साठणाऱ्या तळभागाच्या, अस्तराचा हिशेब समाधानकारक आहे, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखा नाही. वेगवेगळ्या खोलीवरील दोन थर्मोकपलांवरून 1150 अंशांची समतापरेषा (त्या तापमानाची सीमा) काढली जाते आणि तीवरून भिंतीची उरलेली जाडी ठरते. विटांमध्ये फट पडली की उष्णतेचा प्रवाह घटतो आणि मॉडेल भिंत जाड झाल्याचे दाखवते. प्रत्यक्षात ती झिजलेलीही असू शकते. जोडीतील एक थर्मोकपल बंद पडले, तर तिथला आकडा निव्वळ शेजाऱ्यांवरून आलेला असतो, आणि पडद्यावर तसे कुठेही नमूद होत नाही.

भट्टीत खनिज मऊ होऊन चिकटते त्या थराचे रंगीत चित्र पाहुण्यांना फार आवडते. 1970च्या दशकात जपानमध्ये भट्ट्या थंड करून उकलल्या गेल्या, तेव्हा या थराचा आकार प्रत्यक्ष दिसला. आमच्या पडद्यावरचा थर मात्र मोजलेला नसून अनुमानित आहे, आणि त्याच्या सीमारेषा इतक्या ठाशीव काढणे मला पटत नाही. पुरवठादाराकडे आम्ही ऑक्सिजन विश्लेषकाची जोडणी आणि मृत थर्मोकपलासाठी वेगळा रंग, या दोन मागण्या लेखी नोंदवल्या आहेत.