महागडं एअर पिस्तूल: पैसे नेमके कशात गेले?

महागड्या पिस्तुलाने नेम सुधारतो का, असं विचारणाऱ्यांना मी सरळ सांगतो: नळीपुरतं बोलायचं तर नाही. बरेच महिने वापरून मग हे म्हणतोय. आधी माझ्याकडे स्वस्तातलं, प्रत्येक शॉटला लिव्हर दाबून हवा भरायचं पिस्तूल होतं. आता दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं, स्पर्धेच्या दर्जाचं आहे. माझ्या पिस्तुलांचे ब्रँड मुद्दाम सांगत नाही. या वर्गातली स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, पार्डिनी ही मंडळी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्यांच्यातली निवड बरीचशी हाताच्या ठेवणीवर होते.

नळीचा हिशोब सोपा आहे. १० मीटरच्या पिस्तूल टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरची, आणि ती रेषेला बाहेरून नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की झालं. माझं जुनं पिस्तूल व्हाइसमध्ये (पकड-शिकंज्यात) आवळून, नळीला मानवणारी पेलेट घातली की सगळी भोकं यापेक्षा कितीतरी लहान जागेत पडायची. नव्यासोबत कारखान्यातून आलेल्या टेस्ट टार्गेटवर एकच फाटकं भोक आहे. बघायला छान वाटतं. पण पात्रता फेरीत १०.० आणि १०.९ दोन्ही दहाच धरतात, दशांश फायनलमध्ये मोजतात. त्यामुळे त्या देखण्या भोकाचा उपयोग फायनलला जाणाऱ्यांना. आपल्यासारख्यांचे गुण नळी नाही, मनगट खातं.

मग पैसे गेले कुठे? मुख्यतः ट्रिगरमध्ये.

नियमाप्रमाणे ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम लागतं आणि स्वस्त पिस्तूलही तिथे आणून ठेवता येतं. फरक वजनात नाही, शॉट सुटण्याच्या जागेत आहे. जुन्यात पहिला टप्पा संपला की पुढे ट्रिगर किंचित सरकायचा, कधी खरखरायचा, आणि मग सुटायचा. स्क्रू हळूहळू ढिला व्हायचा, त्यामुळे या आठवड्यात बोटाला लागलेली सवय पुढच्या आठवड्यात चुकीची ठरायची. नव्यात पहिल्या टप्प्यानंतर बोट जिथे अडतं, ती जागा रोज तीच. तिथून थोडा दाब वाढवला की शॉट गेलेला असतो, मध्ये काही जाणवतच नाही. याचा गुणांवर होणारा परिणाम लगेच दिसत नाही, पण सरावावर होतो. पूर्वी आठ लागला की ट्रिगर, पेलेट, पंप, सगळ्यांवर संशय घ्यायची सोय होती. आता आठ लागला तर तो माझा. कोचने सांगितलेली दुरुस्ती लागू पडली की नाही, हेही त्यामुळे चटकन कळतं. एवढ्या पैशांत मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

दुसरा खरा फरक दमणुकीचा. ६० शॉट, ७५ मिनिटं आणि त्याआधीचे सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, न मोजले जाणारे शॉट. प्रत्येकासाठी लिव्हर ओढायची तर शेवटच्या दोन सिरीजमध्ये (एक सिरीज दहा शॉटची) खांदा बोलायला लागतो. २०० बारच्या सिलिंडरने तो प्रश्न मिटवला.

ग्रिपबाबत मात्र अपेक्षाभंग. एवढं महाग पिस्तूल, तरी ग्रिप हाताला बसेना. कानशीने अंगठ्याखालचं लाकूड काढलं, दोन ठिकाणी पुट्टी भरली, तळहाताखालची फळी खाली-वर करून पाहिली, तेव्हा कुठे डोळे मिटून हात उचलल्यावर साइट सरळ दिसायला लागली. हेच काम स्वस्त पिस्तुलावरही करता येतं आणि तिथे त्याचा फायदा जास्त होतो. झटका कमी करणाऱ्या अ‍ॅब्सॉर्बरचं जाहिरातीत फार कौतुक असतं. हाताला तो जाणवतो, गुणांमध्ये मला तरी दिसला नाही.

पिस्तूल बदलल्यावर पहिले काही आठवडे माझे गुण उतरलेच. तोल वेगळा, नळीखालची वजनं कुठे सरकवायची ते कळेना. सरासरी वाढली ती नंतर, आणि त्यात ड्राय फायरचा (पेलेट न घालता केलेल्या सरावाचा) वाटा किती नि पिस्तुलाचा किती हे प्रामाणिकपणे वेगळं काढता येणार नाही.

आणि महाग म्हणजे न बिघडणारं, हा समज सोडा. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर (शॉटसाठी पिस्तूल सज्ज करायचा दांडा) ऐन पात्रता फेरीत मोडली. घड्याळ चालूच होतं. ती ५७५ गुणांवर बारावी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. असली पिस्तुलं घेतली की सुटे भाग, ओ-रिंग, सिलिंडर भरायची सोय हे सगळं सोबत सांभाळावं लागतं. जुन्याची सील बदलायला मला स्क्रूड्रायव्हर पुरायचा. नव्याला हात लावायची हिंमत होत नाही.

नव्याने शिकणाऱ्याने आधी पेलेट आणि कोच यांवर खर्च करावा. वेगवेगळ्या हेड साइझच्या (डोक्याच्या व्यासाच्या) पेलेट, ४.४९, ४.५० मिलिमीटर, थोड्या थोड्या आणून आपल्या नळीत तपासा. स्वस्त पिस्तुलात यानेच ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात जास्त आवळतो. ग्रिप हाताला बसली, ड्राय फायर नियमित झालं आणि तरीही गुण महिनोन् महिने एकाच जागी अडले, तर मग महागड्याचा विचार करा. तेव्हाही नव्यापेक्षा वापरलेलं बघा, कारण नीट सांभाळलं तर त्याची नळी सहसा मालकाआधी थकत नाही. फक्त सिलिंडरवरची तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या सिलिंडरला १० वर्षांचीच मुदत देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विकणारा हे स्वतःहून क्वचितच सांगतो. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून आधीच कापून घ्या.