अँकीवर आठ महिने, आणि इंग्रजीला दिलेली सुट्टी

वयाच्या ४९व्या वर्षी जर्मनच्या वर्गात बसले. व्याकरण कळायचं, शब्द मात्र सोमवारचे गुरुवारी गायब. वर्गातल्या एका मुलाने अँकी सुचवलं. तेव्हापासून रोज वापरतेय.

अँकी हे ॲप म्हणजे कार्डांची पेटी. पुढे प्रश्न, मागे उत्तर. आठवलं तर तेच कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी समोर येतं. विसरलं तर लगेच परत. २००६ पासून आहे. नाव जपानी, अर्थ पाठांतर. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. दिसायला अगदी रुक्ष. मला चाललं, मुलीने नाक मुरडलं.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. कुणीतरी बनवलेला हजारो शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवला आणि रोज २० नवी कार्डं लावली. वीस म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण कालची, परवाची, गेल्या आठवड्यातली वीस-वीस पण रांगेत असतात. लग्नासाठी पाच दिवस साताऱ्याला गेले, परत आले तर ६४० कार्डं वाट बघत होती. त्यात विसरलेल्या शब्दाला 'अगेन' (परत दाखव) हे बटण दाबायची लाज वाटून मी 'हार्ड' दाबत होते. अँकीच्या लेखी 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. म्हणजे मी त्यालाच फसवत होते. आता रोज आठच नवी, आणि उजळणी पंधरा मिनिटांत संपते.

खरा बदल मात्र वेगळ्याच गोष्टीने झाला. एकदा वर्गात एसी फार होता म्हणून मी म्हणाले, "इख बिन काल्ट." बाई हसल्या. तसं म्हटलं तर मी थंड स्वभावाची बाई ठरते. बरोबर वाक्य, "मिर इस्ट काल्ट." मिर म्हणजे मला. अहो, मराठीत आपण 'मला थंडी वाजतेय' असंच म्हणतो की! चूक आली कुठून, तर तयार डेकच्या कार्डावर इंग्रजी होतं, 'आय ॲम कोल्ड'. 'मला आवडतं' याचंही तेच, "दास गेफेल्ट मिर." आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण 'मला'.

त्या रात्री डेक काढून टाकला आणि स्वतःची कार्डं करायला घेतली, प्रश्न मराठीत. विसेन आणि केनेन या दोन क्रियापदांनी मला महिनाभर छळलं होतं, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत लिहिलं, माहीत असणे आणि ओळखणे, आणि गोंधळ मिटला. 'कारण'नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं याचं वर्गात सगळे रडगाणं गातात. आपलं तर नेहमी शेवटीच असतं.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी दगा देते. आपल्याकडेही तीनच, म्हणून सुरुवातीला हुरळून गेले. घर, पुस्तक, पाणी, मूल, चारही आपल्याकडे 'ते' आणि तिकडेही दास, म्हणजे 'ते'च. पण दूध तिकडे ती, टेबल तो, आणि सूर्य चक्क ती. चंद्र तेवढा तोच राहिला. अशा दगाबाजांना मी लाल रंग देते आणि एकटा शब्द कधीच लिहीत नाही. आर्टिकल (देर, दी किंवा दास), अनेकवचन आणि वर्गात आलेलं एखादं वाक्य, तिन्ही हवंच. बाईंच्या परवानगीने त्यांच्या आवाजात काही वाक्यं रेकॉर्ड करून कार्डांना जोडली. हे काम वेळखाऊ आहे, आठ कार्डांना सहज अर्धा तास जातो. पण निम्मं पाठांतर कार्ड करतानाच होतं.

बोलणं? ते अँकीने येत नाही. बी-वन या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. सराव परीक्षेत वाचनात ८१ आले, बोलण्यात ५४. शब्द आठवत होते, पण समोरचा माणूस चार सेकंद थांबत नाही. म्हणून आता रविवारी वर्गातल्या एका मैत्रिणीशी फोनवर तासभर जर्मन बोलते, अडखळत, आणि जिथे अडले त्याचं कार्ड रात्री करते.

बहिणीने परवा माझा डेक मागितला. तिला रिकामा साचा पाठवला. रुसलीय.