वृद्धाश्रमातल्या आईवडिलांचे शेवटचे उपचार: ऐनवेळी बघायचं, केंद्राच्या फाईलमध्ये लिहायचं की लिव्हिंग विल करायचं?

वृद्धाश्रमात प्रवेश घेताना भरायच्या कागदांत एक रकाना बहुधा असतो: तब्येत बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात न्यावं? मुलगा किंवा सून जवळच्या मोठ्या रुग्णालयाचं नाव लिहून सही करते. पण न्यावं का, आणि नेलं तर उपचार कुठपर्यंत करावेत, हे विचारणारा रकाना क्वचितच सापडतो.

या प्रश्नावर आपल्याकडे तीन मार्ग चालतात: वेळ येईल तेव्हा बघणं, केंद्राच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, फाईलमध्ये लेखी सूचना ठेवणं, आणि आईवडिलांनी स्वतः लिव्हिंग विल करणं, म्हणजे पुढे स्वतः ठरवता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. माझं मत आधीच सांगतो. ज्यांचं डोकं शाबूत आहे त्यांनी शेवटचे दोन्ही करावेत. ज्यांची स्मृती पार गेली आहे त्यांच्यासाठी मधलाच उरतो, आणि तो नीट केला तर पुष्कळ काम देतो.

वेळ येईल तेव्हा बघू

याचा फायदा एकच: आज कुणाला अवघड बोलावं लागत नाही. तोटा रात्री दोन वाजता कळतो. आजींना धाप लागते, रात्रपाळीची मावशी व्यवस्थापकांना फोन करते, ते १०८ ला करतात. इथे कुणाचंच चुकत नाही. रुग्णवाहिकेतल्या आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचं काम जीव वाचवण्याचं, आणि दुसरं काही सांगणारा कागद त्यांच्यासमोर नसतो. पहाटेपर्यंत घशात नळी, आजी आयसीयूत.

इथून मागे फिरणं कठीण. लिव्हिंग विल नसतानाही उपचार थांबवण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने ठेवली आहे, पण तिच्यासाठी नातेवाइकांची संमती आणि डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. नेमकी संमतीच भावंडांत अडते. रोज भेटायला येणारी मुलगी म्हणते, पुरे करा. परदेशातून व्हिडिओ कॉलवर असलेला भाऊ म्हणतो, सगळं करा. (जो सर्वांत कमी आलेला असतो त्याचा आवाज सर्वांत मोठा, असं माझं निरीक्षण आहे.) मेडिक्लेमची मर्यादा संपली की मग 'डामा' घ्यायचा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. माणूस घरी किंवा केंद्रात परत येतो तो अनेकदा वेदनाशामकाची सोय नसताना, धाप कशी कमी करायची हे कुणी न शिकवता. उपचार थांबतात, शुश्रूषाही थांबते. या मार्गातलं सर्वांत वाईट तेच.

केंद्राच्या फाईलमधली सूचना

हिला कायद्याचं बळ फारसं नाही. सही बहुधा नातेवाइकाची असते आणि रुग्णालयावर ती बंधनकारक नाही. तरीही रात्री दोन वाजता हाताशी असणारा कागद हाच. मावशी नोटरीचा दस्त वाचणार नाही. पलंगाजवळच्या फाईलमधलं पहिलं पान वाचेल.

ते पान उपयोगी पडायचं तर 'आईला त्रास नको' एवढं लिहून भागत नाही. ताप, लघवीचा संसर्ग, हाड मोडणं यासाठी रुग्णालयात न्यायचं का? बहुतेकांचं उत्तर हो असतं, आणि तसं लिहावं. नाहीतर 'काही करू नका' असा अर्थ लावून साध्या दुखण्याकडेही दुर्लक्ष होतं. न्यूमोनिया झाला तर केंद्रातच अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन, की आयसीयू? गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालायची, की भरवता येईल तेवढं चमच्याने भरवायचं? हृदय थांबलं तर छाती दाबायची का? रात्री आधी फोन कुणाला, आणि तो उचलला नाही तर कुणाला? खाली केंद्रात येणाऱ्या डॉक्टरांची सही आणि तारीख हवी.

आता व्यवस्थापकांना विचारायचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: मृत्यू केंद्रातच झाला तर दाखला कोण देणार? रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर फॉर्म ४-अ देतात. असे डॉक्टर ठरलेले नसतील तर पोलिसांच्या भानगडीच्या भीतीने व्यवस्थापक अखेरच्या तासात माणसाला रुग्णवाहिकेत घालतो, मग फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असो. शेवटपर्यंत ठेवून घेतात का, हेही तोंडावर विचारा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नळी असलेल्या माणसाला काही ठिकाणी हलवायला सांगतात. मुंबई आणि गोव्यातलं शांती अवेदना सदन किंवा पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर ही नावं लोक सुचवतात, पण त्यांचं काम कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे. पक्षाघात किंवा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णाने त्यांच्या भरवशावर राहू नये.

लिव्हिंग विल

याची मुळं मुंबईतच आहेत. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालाने जीवरक्षक उपचार थांबवायला उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट दिली. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून लिव्हिंग विलला जागा दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट घातली. ती इतकी जाचक ठरली की २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच नियम सैल केले.

आता दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. आपल्या वतीने बोलणारी एकाहून अधिक माणसं नेमता येतात. एक प्रत त्यांना, एक कौटुंबिक डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या. माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि आजार बरा होण्याची आशा नसेल, तेव्हाच हा कागद लागू होतो. मग रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं. त्यांच्या निर्णयाला दुसऱ्या मंडळाचा दुजोरा लागतो, आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत ठरवायचं. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हे जमतं. तालुक्याच्या गावी दोन मंडळांसाठी माणसं गोळा करणं सोपं नाही. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं यात बसत नाही, ते आजही बेकायदा आहे.

म्हणजे लिव्हिंग विल आयसीयूच्या दारात उपयोगी, तर फाईलमधलं पान रुग्णवाहिका बोलावण्याआधी. म्हणूनच एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावर आणखी एक सोय आहे: हृदय थांबल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत, अशी नोंद उपचार करणारे डॉक्टर रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलून केसपेपरवर करू शकतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पण ती नोंद तेवढ्यापुरतीच. बाकी उपचार चालू राहतात.

हे कागद त्या कामाचे नाहीत

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. पॉवर ऑफ अॅटर्नीचा आधार अनेकांना वाटतो, पण देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की आपल्या करार कायद्यानुसार तीही संपते, म्हणजे गरज पडते तेव्हाच ती हातात नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्र मनोविकाराच्या उपचारांपुरतं आहे.

कुणी काय निवडावं

बोलणं-समजणं ठीक असेल तर लिव्हिंग विल याच वर्षी उरका आणि त्याची एक प्रत केंद्राच्या फाईलमध्ये पहिल्या पानामागे लावा. वकिलाकडच्या तयार मसुद्यात 'कृत्रिम उपचार नकोत' असं ढोबळ वाक्य असतं. त्याऐवजी व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यांबद्दल वेगवेगळं लिहा. मत बदललं तर बदलता किंवा रद्द करता येतं, तेही लेखीच. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात.

डिमेन्शियाची नुकती सुरुवात असेल तर निदान झालं म्हणून दार बंद झालं असं नाही. सकाळी, आई किंवा वडील ताजेतवाने असताना सही घ्या. आपण काय लिहितोय हे त्यांना समजतं आहे, अशी त्याच दिवसाची डॉक्टरांची नोंद सोबत ठेवा. पुढे भावंडांत वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

स्मृती गेलेली असेल तर अंगठा उमटवून लिव्हिंग विल करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते टिकणार नाही, आणि ती आईची इच्छाही नव्हे. त्याऐवजी सगळ्या भावंडांनी डॉक्टरांसमोर एकदा बसावं. शेजारचे काका व्हेंटिलेटरवर होते तेव्हा आई काय म्हणाली होती, बाबांच्या शेवटच्या आजारात तिने कशाला नकार दिला होता, हे आठवून लिहावं आणि त्यावरून केंद्राचं पान भरावं. प्रत्येक वेळी रुग्णालयातून परतल्यावर ते पुन्हा वाचावं, कारण दुसऱ्या न्यूमोनियानंतरची आई पहिल्यानंतरच्या आईइतकी सावरलेली नसते.

मुलं परदेशी असतील तर लिव्हिंग विलमध्ये नेमलेल्यांत आणि केंद्राच्या फोनयादीत पहिलं नाव गावातच राहणाऱ्या माणसाचं असू द्या: भाची, जुनी मैत्रीण, चालेल. मुलाचं नाव दुसरं. त्याला हे आधी सांगा, आणि आईच्या तोंडून सांगितलं जाईल असं बघा.