बर्लिनमधल्या किटाचा अनुभव: साडेतीन वर्षांची लेक आणि पहिले सहा आठवडे (५ पैकी ४ स्टार)

पुण्याहून बर्लिनला आलेल्या किंवा येणाऱ्या आईबाबांसाठी लिहितेय. आम्ही आलो तेव्हा मी हेच शोधत होते आणि मराठीत काही सापडलं नव्हतं. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. आमचं किटा मोआबिट भागात आहे, छोटं, चाळीसेक मुलांचं. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली एक तक्रारही आहे, आणि तसंही बहुतेक किटांमध्ये हीच पद्धत असते.

आधी जागेचं सांगते. नवरा आमच्या चार महिने आधी आला होता, त्याने तीसच्या वर किटांना मेल टाकले, उत्तरं आली सात-आठ आणि होकार एक, तोही एक कुटुंब शहर सोडून गेलं म्हणून. किटा-गुटशाइन म्हणजे किटाचं कूपन युगेंडआम्टकडून (मुलांच्या कल्याणाचं सरकारी ऑफिस) आधीच काढून घ्या, त्याशिवाय करार होत नाही. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाची फी नाही, फक्त दुपारच्या जेवणाचे महिन्याला २३ युरो, पुण्यातल्या प्लेग्रुपची फी आठवून आम्ही दोघांनी तो कागद दोनदा वाचला. गोवराच्या लसीचा पुरावा मात्र कंपल्सरी आहे, दोन डोस लागतात. आमची पुण्याची लसीकरणाची वही चालली, ती हँडबॅगमध्येच आणा.

आता मुख्य गोष्ट, आइनगेव्योनुंग. म्हणजे मुलाला सवय लावणं. पुण्यात पहिल्याच दिवशी गेटवर 'तुम्ही जा हो, रडेल थोडी, मग होईल सवय' असं म्हणून मुलीला हातातून घेतलं होतं आणि ती पुढे महिनाभर त्या गेटपाशी आली की माझी ओढणी गच्च धरायची. इथे उलटं. हे लोक 'बर्लिन मॉडेल' वापरतात, ऐंशीच्या दशकात इथेच तयार झालेलं. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने रोज साधारण तासभर मुलासोबत वर्गात बसायचं, कोपऱ्यात, खुर्चीवर. आपण खेळायला जायचं नाही, मुलाला 'जा ना खेळ' म्हणून ढकलायचंही नाही, फक्त तिथे असायचं, ती आली की जवळ घ्यायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तो दिवस सोमवार नसावा कारण शनिवार-रविवार घरी राहून मूल पुन्हा आपल्याला चिकटलेलं असतं. चोरून निघून जायचं नाही. डोळ्यांत बघून सांगायचं, मी जाते, परत येते.

हे 'सांगून जायचं' मला सगळ्यात आवडलं आणि सगळ्यात जड गेलं. चौथा दिवस गुरुवार होता. मी सांगितलं, ती रडायला लागली, मी बाहेर पॅसेजमध्ये जॅकेटांच्या खुंट्यांखाली बाकावर बसले आणि आतला आवाज ऐकत राहिले. प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एकेक चित्र असतं, हिच्या खुंटीवर काट्यांचा गोळा असलेला एक प्राणी, इगेल म्हणतात त्याला. हिने तो आधी कधी पाहिला नव्हता, तिने नाव ठेवलं 'काटेवाला उंदीर'. तर मी त्या काटेवाल्या उंदराकडे बघत बसलेली, आणि चार-पाच मिनिटांनी रडणं थांबलं. पंधरा मिनिटांनी मला आत बोलावलं तेव्हा ती ताईच्या मांडीवर होती, गाल ओले, आणि एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत कास्तानियेन टाकत होती. ऑक्टोबरमध्ये इथे रस्त्यावर ही तपकिरी चकचकीत फळं पडलेली असतात, खायची नसतात, मुलं खिसे भरभरून गोळा करतात. हातात घेतली की थेट सागरगोट्यांसारखी गार आणि गुळगुळीत लागतात.

ताई म्हणजे तिची एरत्सीयरिन, मुलांना सांभाळणारी किटातली शिक्षिका. सवय लागेपर्यंत एकच ताई मुलाची. (इथे मुलं त्यांना नावानेच हाक मारतात, टीचर वगैरे नाही. घरी आम्ही ताईच म्हणतो.) या बाईंबद्दल कितीही लिहिलं तरी कमी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कोरं कार्ड दिलं आणि म्हणाल्या, हिचे शब्द लिहून द्या, मला वाचून म्हणता येतील असे. मी लिहिले: पाणी, शू, शी, भूक, दुखतंय, झोप, आई येणार. ते कार्ड त्यांनी बाथरूमच्या दाराशेजारी चिकटवलं. ण त्यांना अजिबात जमत नाही, 'आई येनार' म्हणतात, पण लेक ते ऐकून मान डोलावते. परक्या देशात, परक्या माणसाच्या तोंडून 'शू?' हा प्रश्न ऐकून माझ्या मुलीचा चेहरा कसा सैल झाला ते मी स्वतः बघितलंय.

आता एक स्टार का कापला ते. दुसऱ्या आठवड्यात ताई आजारी पडल्या. त्या जागी दुसऱ्या वर्गातल्या बाई आल्या, लेकीने त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं, आणि मला सांगितलं तुम्ही पाऊण तास जाऊन या. मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं, पण नवीन देश, भाषा येत नाही, वाटलं इथे असंच असेल, गेले. परत आले तर तिला रडून रडून उलटी झालेली. पुढचे तीन दिवस ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची, आत पाऊल नाही. रात्री झोपेत 'आई जाऊ नको' म्हणायची. मी मग मुख्य बाईंना भेटले, मोडकंतोडकं जर्मन आणि फोनवरचं ट्रान्सलेट घेऊन, आणि सांगितलं की तुमच्याच पद्धतीत लिहिलंय ना की ताई नसतील तेव्हा मुलाला सोडायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चूक झाली म्हणाल्या, आणि ताई परत आल्यावर सगळं पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. माफी मनापासून होती. पण ते चार दिवस माझ्या मुलीने काढले, म्हणून स्टार कापला. तुमच्याकडे असं झालं तर त्याच क्षणी नाही म्हणा, बोलता येत नसेल तर नुसते खुर्चीवर बसून राहा, कोणी उठवत नाही.

जेवणाचं. फॉर्मवर शाकाहारी लिहिलं होतं, ते पाळतात. नूडल्स, बटाटे, दुधातला गोड भात, सफरचंदाचा गर. हिने पहिले दोन आठवडे फक्त कोरे नूडल्स खाल्ले आणि घरी येऊन बूट काढायच्या आत वरणभात मागितला. सकाळचा डबा आपण द्यायचा, त्यात गोड चालत नाही, गूळ-तुपाची पोळी परत आली, थालीपीठ चालतं. वाढदिवसाला गमी बेअर वाटतात, त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनवतात, ते फॉर्मवर वेगळं लिहा, मला तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं.

भाषेचं बऱ्याच जणांना टेन्शन असतं, मलाही होतं. किटामध्ये लेक जवळजवळ चार आठवडे एक शब्द बोलली नाही. घरी मात्र अखंड बडबड, बाहुलीला ओळीत बसवून काहीतरी जर्मनसारखं रागावून बोलायची. ताई म्हणाल्या काळजी करू नका, ती गोळा करतेय, आणि घरी तुम्ही मराठीच बोला, तुमचं जर्मन शिकवू नका. नातेवाईक फोनवर सांगत होते की घरीही जर्मन सुरू करा नाहीतर मागे पडेल, मी ताईंचं ऐकलं आणि बरं झालं. पाचव्या आठवड्यात एका मुलाने तिच्या हातातली बादली ओढली आणि ही एवढ्या मोठ्याने 'नाइन!' (म्हणजे नाही!) म्हणाली की ताईंनी मला घ्यायला आल्यावर पहिलं तेच सांगितलं.

सामान: घरात घालायचे बूट, चिखलात घालायची रबरी पँट, कपड्यांचे दोन जादा जोड. रबरी पँट नवी घेऊ नका, क्लाइनअनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर जुनी ८ युरोला मिळाली. पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतातच, पहिल्या आठवड्यात माझा जीव वरखाली व्हायचा, पण लेक उलट जास्त खाते आणि गाढ झोपते.

नोटिसा सगळ्या कागदावर, जर्मनमध्ये, दाराला लावलेल्या. रोज घ्यायला गेलात की फोटो काढा. आम्ही एकदा टीमच्या ट्रेनिंगच्या दिवशी बंद दारासमोर जाऊन उभे राहिलो आणि नवऱ्याला सुट्टी टाकायला लागली.

सुट्टीचं म्हणाल तर आईबाबांपैकी एकाने निदान तीन-चार आठवडे पूर्ण मोकळे ठेवा. आमच्यासारखं मध्ये काही बिनसलं तर तेही पुरत नाहीत, आमचे सहा गेले. नोकरीची जॉइनिंग डेट त्याप्रमाणे मागा, इथल्या कंपन्यांना हा प्रकार माहीत असतो.

११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन या ख्रिस्ती संताच्या सणाची कंदिलांची मिरवणूक होती, सव्वाचारलाच सूर्य मावळतो तेव्हा. लेकीने स्वतः चिकटवलेला कागदी कंदील धरला होता, आकाशकंदिलाला काठी का लावली म्हणून मला विचारत होती, आणि दुसरा हात ताईंच्या हातात होता. आम्ही मागून चालत होतो. सध्या ती पाच तास राहते, जानेवारीपासून सात तासांचं करतोय.