‘आजीवन परवाना’ घेताना मी सर्व्हरची किल्लीच देऊन बसलो

जळगावात माझे संगणक-सेवेचे छोटे दुकान आहे. सराफ, डाळमिलवाले, रावेर-सावद्याकडचे केळी व्यापारी अशा २२ ग्राहकांची संकेतस्थळे आणि ई-मेल मी भाड्याच्या एका सर्व्हरवर सांभाळतो. पूर्वी हे सारे काम मी आज्ञा टाइप करूनच करीत असे. परंतु ग्राहक वाढल्यावर प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड बदलता यावा, नवी ई-मेल पेटी उघडता यावी, म्हणून सीपॅनेल, म्हणजे ही कामे ब्राउझरमधून करू देणारे विकतचे पॅनेल सॉफ्टवेअर, बसवायचे ठरवले.

सीपॅनेलचे भाडे दरमहा द्यावे लागते आणि २०१९ पासून ते सर्व्हरवर किती खाती आहेत त्यावर ठरते. माझ्या २२ खात्यांना ३० खात्यांपर्यंतचा टप्पा घ्यावा लागत होता आणि तो खर्च माझ्या कमाईच्या मानाने जड होता. त्याच सुमारास ओळखीच्या एकाने भुसावळकडच्या एका तरुणाचा क्रमांक दिला. हा मनुष्य ४,५०० रुपयांत ‘आजीवन परवाना’ बसवून देत असे. फोनवर तो सुरुवातीला शुद्ध मराठीत बोलला आणि मी धुळ्याकडचा आहे हे कळताच अहिराणीवर आला. ‘चिंता करू नको भाऊ, मी शे ना!’ हे ऐकून माझी निम्मी शंका तिथेच विरली, हे लिहायला आज लाज वाटते.

बिल मागितले तर ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर मिळाले, आणि पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. बसवण्यासाठी त्याने रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार देणारा पासवर्ड, मागितला आणि मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सीपॅनेल कोऱ्या सर्व्हरवरच बसवायचे असते आणि एकदा बसवले की काढून टाकण्याची सोय नसते, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी नवा सर्व्हर घेऊन दिला होता. पुढचे काम मात्र मी नुसते पाहत राहिलो.

मी अगदीच आंधळेपणाने विश्वास ठेवला असेही नाही. सीपॅनेलचा परवाना सर्व्हरच्या आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकाला, जोडलेला असतो आणि तो पत्ता कंपनीच्या पडताळणी पानावर टाकून कोणालाही तपासता येतो. मी तो टाकला, परवाना चालू दिसला आणि मी निश्चिंत झालो. प्रकाराच्या रकान्यात १५ दिवसांच्या चाचणीचा उल्लेख होता, तिकडे माझे लक्षच गेले नाही. ही चाचणी कंपनी नव्या सर्व्हरला फुकट देते. म्हणजे पहिला पंधरवडा मला जे दाखवण्यात आले ते खरेच होते, फक्त ते माझे मलाच कोणीही पैसे न घेता मिळाले असते.

पंधरा दिवसांनंतर पॅनेल चालू राहिले ते त्याने आपल्या संकेतस्थळावरून उतरवून चालवलेल्या एका स्क्रिप्टमुळे. परवान्याची विचारणा जेव्हा कंपनीकडे जाते तेव्हा ती स्क्रिप्ट ती विचारणा त्याच्याच दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवत असे, त्यामुळे एकाच परवान्यावर माझ्यासारखे कितीतरी सर्व्हर चालत असणार. ठरावीक वेळाने हेच पुन्हा करण्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या यादीत) एक ओळ होती आणि सीपॅनेलची स्वयंचलित अद्यतने बंद केलेली होती, कारण नवी आवृत्ती आली की ही करामत मोडते. पाच महिने माझा सर्व्हर सुरक्षा-दुरुस्त्यांविना उघडा होता.

सहाव्या महिन्यात ‘नूतनीकरणा’चे ६,००० रुपये मागणारा संदेश आला. आजीवन म्हणजे काय, असे मी विचारले, तर उत्तर आले नाही; दुसऱ्या दिवशी पॅनेलवर परवाना संपल्याची सूचना झळकली. तिसऱ्या रात्री सर्व्हरवरून हजारो फसवे ई-मेल सुटले आणि सकाळी सर्व्हर देणाऱ्या कंपनीने त्याचे नेटवर्क तोडले. रेस्क्यू मोडमधून, म्हणजे बिघडलेला सर्व्हर बाहेरून उघडून पाहण्याच्या सोयीतून, नोंदी पाहिल्या तेव्हा रात्री दोन वाजता एसएसएच किल्लीने (दुरून सर्व्हरमध्ये पासवर्डाशिवाय शिरू देणाऱ्या डिजिटल किल्लीने) रूट म्हणून कोणीतरी आत आल्याचे दिसले. पासवर्ड मी पहिल्याच आठवड्यात बदलला होता; पण अशा मान्य किल्ल्यांची यादी असलेल्या ऑथराइज्ड कीज या फाइलमध्ये माझ्या किल्लीखाली एक दुसरी किल्ली पाच महिने शांतपणे पडून होती, आणि पासवर्ड बदलल्याने तिला काहीही होत नाही.

बॅकअप होते, पण त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. ही चूक सर्वस्वी माझी. होम निर्देशिका (ग्राहकांच्या फाइलींचे फोल्डर) आणि डेटाबेस बाहेर काढून प्रत्येक संकेतस्थळाच्या फाइली तपासून घेईपर्यंत नऊ दिवस गेले. नवा सर्व्हर डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर आहे आणि त्यावर हेस्टिया हे मोफत पॅनेल आहे. दिसायला ते साधे आहे, परंतु माझ्या ग्राहकांना लागणारी सगळी कामे त्यात होतात. आधीच हे पाहिले असते तर ४,५०० रुपयांचा मोह पडलाच नसता. १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहार क्रमांक आणि संभाषण उपयोगी पडले, म्हणून रागाच्या भरात चॅट पुसू नका.

बाहेरच्या माणसाकडून पॅनेल बसवून घ्यायचेच असेल, तर परवाना स्वतःच्या नावाने कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून विकत घ्या, इन्स्टॉलची आज्ञा कोणत्या पत्त्यावरून फाइल आणते ते वाचा, आणि काम संपले की पासवर्डाबरोबर ऑथराइज्ड कीज व क्रॉन दोन्ही उघडून पाहा. पडताळणी सोळाव्या दिवशी पुन्हा करा.

ई-मेल पोचला नाही तर पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे त्या नऊ दिवसांपैकी शेवटच्या दिवसांचे ई-मेल नव्या सर्व्हरवर येऊन पडले. सुरुवातीच्या दिवसांचे परत गेले. सावद्याच्या एका व्यापाऱ्याची दिल्लीहून आलेली केळीच्या भरणीची मागणी त्यातच होती, आणि त्या वर्षीचे त्याचे बिल मी केलेले नाही.